वाकुल्या, सोंगे आणि वर्गातील हसू

शिक्षक फळ्याकडे वळले की मागून कोणी जीभ काढतो, कोणी डोळे तिरळे करतो आणि वर्गात खसखस पिकते. विचुंबे असो वा पनवेल तालुक्यातील दुसरे कोणतेही गाव, वाकुल्या दाखविण्याची कला मुलांना शिकवावी लागत नाही. शिक्षकाने तिला सरसकट बेशिस्त न मानता प्रथम तिचे स्वरूप समजून घ्यावे.

वेडावाकडा चेहरा पाहून हसू का येते? परिचयाचा चेहरा क्षणात अनोळखी होतो. पण त्यापासून अपाय नाही, हेही पाहणाऱ्यास ठाऊक असते. आश्चर्य आणि निर्भयता एकत्र आली की हसू फुटते. आईने ओठांचा चंबू केला की तान्हे मूल खिदळते. परक्याने तेच केले तर ते रडूही लागते. भरताच्या नाट्यशास्त्रातही विकृत वेष व चेष्टा यांपासून हास्यरस उत्पन्न होतो असे सांगितले असून, स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा भेद मानले आहेत.

महाराष्ट्राच्या लोकरंजनात हे तत्त्व जागोजागी आढळते. कोकणातील शिमग्याची सोंगे, नमन-खेळ्यांतील संकासुर आणि तमाशातील सोंगाड्या ही त्याची उदाहरणे होत. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटात दादा कोंडके यांनी भोळ्या चेहऱ्याने प्रेक्षकांना पोट धरून हसविले. ‘लग्न पहावे करून’ (१९४०) सारख्या चित्रपटांतून गाजलेले नट दामुअण्णा मालवणकर यांची तिरळी नजर तर त्यांच्या विनोदाची ओळखच बनली.

येथेच शिक्षकाने एक भेद ध्यानी घ्यावा. नट आपला चेहरा आपखुशीने प्रेक्षकांपुढे ठेवतो. वर्गातील तिरळ्या मुलाने, दुभंगलेल्या ओठाच्या मुलीने किंवा बोलताना तोंड वाकडे होणाऱ्या तोतऱ्या मुलाने तशी परवानगी कोणास दिलेली नसते. त्यांची नक्कल झाली की वर्ग हसतो. पण ते मूल हळूहळू हात वर करणे सोडते, वाचनास उभे राहण्याचे टाळते आणि पुढे शाळाच चुकवू लागते. शिक्षकानेच अशी नक्कल केली, तर साऱ्या वर्गास जणू परवानाच मिळतो. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १७ अन्वये शारीरिक शिक्षेप्रमाणे मानसिक छळासही मनाई आहे, याचे स्मरण ठेवावे. शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी असे मूल वैद्यकीय पथकास आवर्जून दाखवावे. तिरळेपणावर वेळीच उपचार होणे हिताचे असते.

मग वाकुल्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. आठवड्यातून दहा मिनिटे त्यांस द्यावीत. एका मुलाने राग, भीती, किळस किंवा आनंद चेहऱ्यावर आणावा व इतरांनी तो ओळखावा. पाठातील पात्राचा चेहरा कसा झाला असेल, तेही करून दाखवावे. अबोल मुलेही या खेळात रमतात. शब्द अडला तरी चेहरा बोलतो. भाव ओळखण्याचा सराव झाला की शेजारच्या मुलाची उतरलेली मुद्राही ध्यानात येऊ लागते.

खेळाचा नियम मात्र एकच असावा : तोंड वेडावायचे ते स्वतःचे, दुसऱ्याचे नव्हे. भ्रमणध्वनीवर कोणाचा विचित्र चेहरा टिपून तो इतरांस पाठविण्यासही हाच नियम लागू करावा. शिक्षकाने आरंभी स्वतः एक वाकुली करून दाखविली, तर नियम सांगण्याचे निम्मे काम तेथेच होईल.