भरलेली गाडी मागे घेताना

तंजावरच्या राजवाड्यापासून थोड्याच अंतरावर, मेलराजवीदी नावाच्या रस्त्यालगतच्या एका जुन्या मराठी घरात, जेथे आजही उंबऱ्याच्या आत मराठी बोलली जाते आणि उंबऱ्याबाहेर पाऊल पडताच तीच जिव्हा सहज तमिळकडे वळते, तेथे गेल्या पौषात चार दिवस राहण्याचा योग मला आला. आणि ज्या संध्याकाळी सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी दफ्तरांविषयी यजमानांशी निवांत बोलावे असा माझा मानस होता, त्याच संध्याकाळी मी त्यांच्या सोळा वर्षांच्या नातवाशेजारी बसून, मेजाच्या कडेला आवळून बसविलेले एक स्टिअरिंग हाती धरून, वीस टन मालाने भरलेला ट्रेलर एका परक्या देशातील गोदामाच्या धक्क्याला मागच्या मागे लावण्याच्या खटपटीत गढून गेलो होतो.

या खेळाचे नाव ‘यूरो ट्रक सिम्युलेटर २’. चेक देशाची राजधानी प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर या कंपनीने तो २०१२ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध केला, आणि त्याच घराण्यातला, अमेरिकेच्या रस्त्यांवरचा दुसरा खेळ २०१६ च्या फेब्रुवारीत आला. संगणकावरचे खेळ म्हटले की बंदुका, राक्षस अथवा जिवावर उदार होऊन धावणाऱ्या मोटारी आपल्या डोळ्यांसमोर येतात; येथे त्यांपैकी काही नाही. कोणी शत्रू नाही आणि कोणाला मागे टाकायचे नाही. एका शहरातून माल उचलावा, तो ठरल्या मुदतीत दुसऱ्या शहरी रुजू करावा, वाटेत मालास व गाडीस धक्का लागू देऊ नये, लाल दिव्याला थांबावे, रात्री हेडलाइट लावावे, आणि पोचल्यावर भाडे पदरात घ्यावे, एवढाच काय तो व्यवहार. आरंभी खेळणारा हा दुसऱ्याच्या गाडीवरचा पगारी ड्रायव्हर असतो. पुढे बँकेचे कर्ज काढून तो स्वतःची गाडी घेतो, आणि डिझेल, दुरुस्ती, दंड व कर्जाचा हप्ता यांचा जमाखर्च सांभाळीत, एका गाडीच्या दोन आणि दोनाच्या चार करीत, हाताखाली ड्रायव्हर ठेवणारा वाहतूकदार बनतो. माल पोचताना त्याला खोक लागली असेल तर भाड्यातून तेवढी रक्कम वजा होते. ज्यांनी आयुष्यात एकदा तरी ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बसून बिल्टीवर सही केली आहे, त्यांना हा हिशेब परका वाटणार नाही.

अवघे युरोप खंड एका पडद्यात बसवायचे तर काहीतरी आखूड करणे भागच होते. रस्त्यांचे प्रमाण या खेळात एकास एकोणीस असे धरलेले आहे. म्हणजे तंजावर ते तिरुचिरापल्ली हे सुमारे ५५ किलोमीटरांचे अंतर जर त्यात घातले, तर ते जेमतेम तीन किलोमीटरांत संपून जाईल. घड्याळही त्याच बेताने धावते. महामार्गावर आपले एक मिनिट जाते तेव्हा खेळातली एकोणीस मिनिटे उलटलेली असतात. अमेरिकेच्या खेळात आधी हे प्रमाण एकास पस्तीस होते. ते फारच तोकडे ठरल्यामुळे पुढे एकास वीस करण्यात आले. परंतु या सगळ्या संक्षेपात एक गोष्ट मात्र आखूड करता आलेली नाही, आणि माझ्या मते हाच या खेळाचा गाभा आहे. रस्ता लहान झाला तरी ट्रेलर तेवढाच लांब राहतो. हजार किलोमीटरांचा प्रवास तासाभरात उरकतो, पण शेवटच्या पन्नास हातांच्या अंगणात, दोन उभ्या गाड्यांच्या मधल्या जागेत, तो ट्रेलर सरळ मागे नेण्यास जेवढा वेळ खऱ्या ड्रायव्हराला लागतो तेवढाच वेळ मेजासमोर बसलेल्या माणसालाही लागतो. किंबहुना नवख्याला अधिकच.

कारण मागे जाणारा ट्रेलर हा उलट्या बुद्धीचा प्राणी आहे. पुढची ओढणारी गाडी आणि मागचा ट्रेलर या दोन वेगळ्या वस्तू एका खुंट्यावर फिरत्या जोडलेल्या असतात. पुढे जाताना ट्रेलर मुकाट्याने मागे येतो. मागे जाताना मात्र तो ढकलला जातो, आणि ढकललेली वस्तू सरळ राहण्याचे कारणच नसते. ट्रेलरचे शेपूट डावीकडे न्यायचे तर स्टिअरिंग आधी उजवीकडे फिरवावे लागते. शेपूट वळू लागले की तत्काळ स्टिअरिंग परत आणून गाडीने ट्रेलरचा माग घ्यावा लागतो. आणि यात क्षणभर उशीर झाला की दोघांमधला कोन वाढत जाऊन सारी जोडी अडकित्त्यासारखी मिटते. एकदा मिटली की पुन्हा पुढे जाऊन, सरळ करून, पहिल्यापासून आरंभ. मी हे सात वेळा केले. आठव्या वेळी त्या मुलाने माझा हात धरून स्टिअरिंगच्या माथ्यावरून तळाशी आणून ठेवला आणि म्हणाला, “मामा, हात वर नको, खाली धरा. ट्रेलर ज्या बाजूला पाहिजे त्या बाजूला हात न्या. आणि समोर पाहू नका, आरशात पाहा.” वडीलधाऱ्या पाहुण्याला मामा म्हणण्याची ही तमिळ देशाची रीत त्या घराच्या मराठीत पुरती मुरलेली आहे. त्याच्या सांगण्यातली युक्ती अगदी साधी होती: चक्राच्या तळाशी धरलेला हात डावीकडे गेला की चक्र उजवीकडे फिरते, आणि ट्रेलर डावीकडे जातो, उलट्याचे सुलटे होते. ट्रेलर चालविण्यास शिकणाऱ्यांना खऱ्या मैदानातही हीच युक्ती सांगतात. त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी, दोनदा पुढे-मागे करून, ट्रेलरची मागची कडा आखलेल्या चौकटीत बसली, आणि मला जो आनंद झाला तो सांगण्यास मी संकोच करीत नाही.

खेळणाऱ्याला ही परीक्षा टाळण्याचीही मुभा आहे. गोदामापाशी पोचल्यावर सोपी जागा घ्यावी, कठीण जागा घ्यावी, की गाडी लावण्याचे काम सोडूनच द्यावे, असे तीन पर्याय पुढे येतात, आणि कठीण जागेस अनुभवाचे गुण अधिक. तो मुलगा नेहमी कठीणच जागा घेतो. 

इतर अडचणीही आहेत. युरोपातील बहुतेक देशांत वाहन रस्त्याच्या उजव्या अंगाने चालते, तेव्हा तंजावरच्या किंवा पुण्याच्या माणसाला प्रत्येक चौकात डाव्या हाताची सवय आवरावी लागते. आणि ती कोठे अंगवळणी पडते न पडते तोच कॅलेहून समुद्रापलीकडे डोव्हरला उतरले की पुन्हा सर्व उलट. वळणावर ट्रेलरची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून कापीत जातात, म्हणून आधी वळणाच्या विरुद्ध बाजूला थोडे निघून मग वळावे लागते. हे विसरले की कोपऱ्यावरचा खांब गेलाच म्हणून समजावे. आणि घाट. कावेरीचा हा मुलूख तळहातासारखा सपाट. मुलाने आयुष्यात उताराचा असा रस्ता फारसा पाहिलेला नाही, आणि आल्प्सचे उतार मात्र त्याला तोंडपाठ. उतारावर पायाचा ब्रेक दाबून ठेवू नये, खालचा गिअर घालून इंजिनालाच गाडी आवरू द्यावी, हे तो मला फार गंभीरपणे सांगत होता. खेळात हवेच्या ब्रेकची यथार्थ अनुकृती निवडण्याची सोय आहे. ती निवडली की ब्रेक वारंवार दाबणाऱ्याच्या टाकीतली हवा सरत जाते. तमिळनाडूतच, धर्मपुरी आणि सेलम यांच्यामधल्या तोप्पूर घाटात, डिझेल वाचविण्याच्या लोभाने गाडी न्यूट्रलमध्ये सोडणाऱ्या, आणि मग तापलेले ब्रेक लागेनासे झालेल्या लॉऱ्यांनी किती संसार उद्ध्वस्त केले आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या खेळातला तो धडा पोरखेळ वाटणार नाही.

मेजावरचा संगणक आणि स्टिअरिंग हे सर्वांच्या आवाक्यातले नव्हे. त्या मुलाच्या मित्रांचा खेळ मोबाइलवरचा, ‘बस सिम्युलेटर इंडोनेशिया’ नावाचा. इंडोनेशियातील मालेओ या संस्थेने २०१७ साली काढलेला. त्यात खेळणाऱ्यांना स्वतः तयार केलेल्या गाड्या घालता येतात, आणि या सवलतीचा लाभ तमिळनाडू व केरळातल्या तरुणांनी इतक्या हौसेने घेतला आहे की, सरकारी बसगाड्यांपासून नामक्कलच्या धर्तीवर रंगविलेल्या लॉऱ्यांपर्यंत, कपाळावर देवाचे नाव आणि पाठीवर हॉर्न देण्याची विनंती यांसह, सगळा दक्षिणी रस्ता त्या परदेशी खेळात उतरला आहे. नामक्कल हे लॉरीची बॉडी बांधणाऱ्यांचे गाव. तेथील सुताराची आणि रंगाऱ्याची नक्कल एखादा कॉलेजातला मुलगा रात्री जागून पडद्यावर करतो, ही मला मोठी कौतुकाची गोष्ट वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. सरफोजी राजांनी तेथील भिंतीवर कोरविलेला आणि १८०३ साली पुरा झालेला भोसले वंशाचा प्रचंड मराठी शिलालेख पाहावा, हा हेतू. परंतु आदल्या रात्रीच्या खटपटीमुळे असेल, माझी दृष्टी अक्षरांवर न ठरता वर शिखराकडे गेली. राजराज चोळाने इ. स. १०१० मध्ये पुरे केलेल्या या विमानाची उंची २०० फुटांहून अधिक, आणि त्याच्या माथ्यावरच्या शिळेचे वजन परंपरा ८० टन सांगते. ती वर गेली कशी, याचे उत्तरही परंपरेपाशी आहे: चार मैलांवरच्या सारपळ्ळम गावापासून मातीचा चढण-रस्ता रचून, इंच इंच ओढीत. तमिळात सारम म्हणजे परांची आणि पळ्ळम म्हणजे खळगा. गावाच्या नावात ती आठवण राहिली आहे. शिळा एकसंध की तुकड्यांची याचा निवाडा विद्वानांनी करावा. मला त्या क्षणी एवढेच जाणवले की, मोठा भार चढावर नेणाऱ्याला वेगाचा काही उपयोग नसतो, आणि वर पोचेपर्यंत केलेल्या साऱ्या श्रमांची कसोटी शेवटच्या हातभर अंतरात, तो भार नेमक्या जागी टेकविताना लागते. प्रागच्या कारागिरांना हे मर्म समजले आहे, म्हणूनच त्यांनी रस्ते आखूड केले आणि धक्का पूर्ण ठेवला.

परंतु त्यांनी आणखी एक गोष्ट आखूड केली आहे, आणि तेथे माझे मन अडते. ठरावीक तास गाडी हाकल्यावर खेळातला ड्रायव्हर जांभया देऊ लागतो, पडदा क्षणभर काळवंडतो, आणि न थांबल्यास दंड होतो. मग विसाव्याच्या जागी गाडी लावून एक कळ दाबली की नऊ तासांची झोप एका निमिषात पुरी होते. युरोपचा कायदाच तसा आहे: साडेचार तास चालविल्यावर पाऊण तासाची विश्रांती, आणि दिवसाकाठी सामान्यतः नऊ तासांहून अधिक गाडी हाकण्यास बंदी. आपल्याकडे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. कायदा चांगला होता. पण साम्बा भातपिकाच्या या हंगामात देवळातून परतताना मी पाहिले, भाताच्या पोत्यांनी भरलेल्या लॉऱ्यांची रांग रस्त्याच्या कडेला उभी होती, आणि एका लॉरीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, ताडपत्रीच्या तुकड्यावर ड्रायव्हर झोपला होता. क्लीनर पोत्यांवर बसून वजनकाट्यावर नंबर लागण्याची वाट पाहत होता. ती झोप कोणत्याही कळीने पुरी होणारी नव्हती. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, हे उत्तम झाले. तथापि जुन्या गाड्या अजून अनेक वर्षे धावणार आहेत, आणि केबिन थंड असली तरी अंग टाकण्यास जागा लागतेच.

ज्या राजाने देवळावर आपला वंश कोरविला त्यानेच, तंजावरच्या दक्षिणेस ओरत्तनाड येथे, रामेश्वरच्या वाटेवर, १८०२ साली मुक्तांबाळ छत्र उभारले. तेथे वाटसरूस अन्न आणि निवारा मिळे. हे एकटेच छत्र नव्हते. भोसल्यांच्या दौलतीत सेतूकडे जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी अशी अनेक छत्रे होती, आणि त्यांच्या खर्चास गावे लावून दिलेली होती. चालणाऱ्या माणसाचे थकणे आखूड करता येत नाही, हे त्या दरबाराने पुरते ओळखले होते, आणि त्याची तजवीज दानधर्माच्या खात्यातून केली होती. आज काही पेट्रोलपंपांवर ड्रायव्हरांसाठी खोल्या होऊ लागल्या आहेत, त्या वाढाव्यात. ज्यांच्या हाती महामार्गांची व्यवस्था आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, जेथे टोलनाका उभा राहील तेथे लॉरीवाल्याला अंघोळीचे पाणी, पालथे पडण्यापुरती सावली आणि गाडीवर नजर ठेवणारा एक चौकीदार, एवढे तरी अवश्य असावे.