हालचाल दडलेली असते ती फेजमध्ये

फूरिएच्या पद्धतीने कोणतंही चित्र अनेक लहरींची बेरीज म्हणून मांडता येतं. प्रत्येक लहरीचे दोन आकडे: ती किती जोरकस आहे हा आयाम, आणि तिचे चढउतार नेमके कुठे येतात ही फेज.

आता चित्र एक पिक्सेल उजवीकडे सरकवा. आयाम जसेच्या तसे राहतात, बदलते फक्त फेज! ८ पिक्सेल लांबीच्या लहरीची फेज ४५ अंशांनी बदलते, १६ पिक्सेलवालीची साडेबावीस अंशांनी. म्हणजे दोन फ्रेममधला फेजचा फरक मोजला की हालचाल कळते, तीही पिक्सेलच्या अगदी बारीक अंशापर्यंत.

पण व्हिडिओत सगळं चित्र एकदम थोडंच हलतं? म्हणून फ्रेमच्या छोट्या छोट्या भागांतली स्थानिक फेज काढतात. २०१३ मध्ये एमआयटीच्या नील वाधवा, मायकल रुबिनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी हा फरक कितीतरी पट वाढवून व्हिडिओ पुन्हा जुळवला आणि डोळ्यांना न दिसणारी थरथर दिसू लागली. त्यांच्याच गटाच्या २०१२ च्या पद्धतीत उजेडातला बदल वाढवायचे, त्यामुळे चित्रातला कचराही वाढायचा. फेजच्या पद्धतीत तो वाढत नाही, नुसता सरकतो. मला यातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते.

आवाजानेही वस्तू अशाच थरथरतात; २०१४ मध्ये तर ध्वनिरोधक काचेआडच्या वेफर्सच्या पाकिटाच्या मूक व्हिडिओतून बोलणं परत मिळवलं गेलं!

पायथन येत असेल तर दोन फोटोंच्या फेजची अदलाबदल करून बघाच. ज्याची फेज, त्याचाच चेहरा दिसतो.