कळकाची हवेवर उडणारी बंदूक कशी करायची

मित्रांनो, बंदूक म्हटले की आई लगेच डोळे मोठे करते. पण ही बंदूक दारूची नाही की छऱ्याची नाही. हिच्यात नुसती हवा आणि भिजवलेल्या कागदाचा बोळा असतो. माझे आजोबा लहानपणी अशी बंदूक करायचे. त्यांना विचारून मी वहीत आकृती काढली व मापे लिहिली.

आधी हवेचे सांगतो. सायकलच्या पंपाचे तोंड अंगठ्याने गच्च दाबा आणि दांडा खाली रेटा. दांडा थोडा जातो आणि मग अडतो. सोडला की आपोआप वर येतो. आत कोंडलेली हवाच त्याला ढकलते. गुरुजी म्हणाले, की रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने १६६२ साली हे मोजून लिहिले. हवा निम्म्या जागेत कोंबली, की तिचा दाब दुप्पट होतो. आपल्या नळीत २४ सेंटिमीटर हवा असेल आणि ती १२ सेंटिमीटरमध्ये दाबली, तर दाब दुप्पट. मग पुढचा बोळा कसा टिकेल? तो उडतोच.

आता नळी. कळकाचे बारीक, सरळ कांडे घ्यावे. भोक आपली करंगळी जेमतेम जाईल एवढे हवे. दोन्ही गाठी कापून टाकायच्या, म्हणजे आरपार दिसते. कोयत्याचा घाव घालू नये, कळक उभा फाटतो. करवतीच्या पात्याने हळूहळू कापावे, आणि ते काम मोठ्या माणसाने करावे. नळी सुमारे २५ सेंटिमीटर ठेवायची. काठीला फडके गुंडाळून ओल्या वाळूने आतून घासायची, नायतर बोळा अडकतो. मग सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर तडकते. दोन्ही टोकांना सुतळी आवळून बांधावी.

दट्ट्या भरीव चिव्याचा करायचा. त्याला मागे मूठ हवी. मुठीसाठी त्याच कळकाचा गाठीचा तुकडा घ्यायचा आणि त्यात दट्ट्या ठोकून बसवायचा. दट्ट्याची लांबी ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. मूठ नळीला टेकली, की दट्ट्या पुढच्या तोंडापासून एक बोट आत राहिला पाहिजे. तेवढी जागा बोळ्याची असते.

वर्तमानपत्राचा कागद भिजवून, पिळून घट्ट बोळे करायचे. पहिला बोळा मागून घालून तोंडापर्यंत सारायचा. दुसरा मागे बसवायचा आणि दट्ट्या जोरात रेटायचा. फट्ट! पहिला उडतो आणि दुसरा त्याच्या जागी येऊन बसतो. म्हणून पुढच्या वेळी एकच बोळा लागतो. हे मला फार आवडले.

छत्तीसगडमध्ये जगदलपूरला गोंचा सणाच्या रथयात्रेत लोक अशाच बांबूच्या बंदुकीने पेंग नावाची फळे उडवतात. तिला तुपकी म्हणतात.

पालकांनो, २०२५ च्या दिवाळीत भोपाळकडे कार्बाइडच्या बंदुकीने पुष्कळ मुलांच्या डोळ्यांना इजा झाली. त्या बंदुकीत पाणी आणि कार्बाइडचा गॅस पेटवतात. आपल्या बंदुकीत आग नाही. तरी कागदाचा बोळासुद्धा डोळ्याला लागू शकतो. म्हणून माणसावर, गुरावर, पाखरावर नेम धरायचा नाही. नेम भिंतीजवळच्या रिकाम्या डब्यावर. खडा, चिंचोका, पेन्सिलीचा तुकडा आत घालायचा नाही. बोळा अडकला तर नळीत डोळा लावून बघायचे नाही, पुढून काठीने मागे ढकलायचा. हे नियम जो मोडेल त्याची बंदूक गुरुजींच्या कपाटात जाईल.

गुरुजींनी अट घातली आहे, की आधी योजना भित्तिपत्रकावर लावा, घरच्यांनी वाचून हो म्हटले तरच कळकाला हात लावा. माझे बाबा वाचून हो म्हणाले. आई अजून विचार करते आहे. बाकीच्यांच्या पालकांनी आज वाचून गुरुजींना सांगावे. ज्यांच्या परड्यात कळकाचे बेट आहे त्यांनी दोन बारीक फांद्या द्याव्यात, काटे काढून.