इंग्रजी संकेतार्थ व मराठी मुलांच्या चुका

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून इयत्ता पहिलीत इंग्रजी आले. 'तर', 'पाहिजे', 'यावे' या अर्थाची इंग्रजी रूपे मात्र वरच्या वर्गांतही मुलांना चकवितात. या चुकांचे मूळ बहुधा मराठीतच सापडते.

सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळ्याचेच उदाहरण घ्यावे. सण पावसाळ्यातला, तेव्हा 'पाऊस थांबला तर नंदी निघतील' हे वाक्य मुलांना सहज सुचते. त्याचे इंग्रजी करताना मूल 'इफ द रेन स्टॉप्ड' असे लिहिते व शिक्षक त्यावर तांबडी रेघ ओढतात. वास्तविक मुलाने स्वभाषेचा नियम बिनचूक पाळलेला असतो. पुढे घडावयाच्या गोष्टीसाठीही मराठीत 'थांबला' हे भूतकाळी रूप चालते; इंग्रजीत तेथे वर्तमानकाळी 'स्टॉप्स' येते आणि उत्तरार्धात 'विल'. 'स्टॉप्ड' म्हटल्यास पाऊस थांबण्याची फारशी आशा नाही असा अर्थ होतो, व पुढे 'वुड' घ्यावा लागतो. हा भेद सांगितल्यावाचून नुसती रेघ ओढल्यास आपल्याला इंग्रजी येणारच नाही, अशी मुलाची समजूत होते.

आता पाऊस थांबलाच नाही असे समजावे. 'पाऊस थांबला असता तर नंदी निघाले असते.' येथे 'असणे' या धातूची रूपे 'तर'च्या दोन्ही बाजूंस आहेत. म्हणून मूल 'वुड हॅव'ही दोन्हीकडे घालते. इंग्रजीत 'इफ'च्या बाजूस 'हॅड स्टॉप्ड' व दुसऱ्या बाजूसच 'वुड हॅव' येते. दोन्ही भाषांतील वाक्ये फळ्यावर एकाखाली एक लिहून ही रूपे अधोरेखित करावीत. नियम मुलांनाच काढू द्यावा. 'इफ'नंतर 'विल' किंवा 'वुड' येणारी विनंतीची काही वाक्ये इंग्रजीत आहेत, परंतु ती प्राथमिक वर्गापुढे आणण्याचे कारण नाही.

विध्यर्थाच्या बाबतीत मराठी साहाय्यच करते. 'मुलांनी वेळेवर यावे' यात कर्तव्य आहे, तर फलाटावरील उतारूच्या 'गाडी आता यावी' यात अपेक्षा. इंग्रजी 'शुड' ही दोन्ही कामे करतो.

'मला गेले पाहिजे' यातील 'मला' इंग्रजीत 'आय' होतो, एवढे एकदा सांगून पुढे जावे. 'मस्ट'चे नकारार्थी रूप मात्र सावकाश शिकवावे. 'मस्ट' म्हणजे 'पाहिजे', तेव्हा 'मस्ट नॉट' म्हणजे 'नाही केले तरी चालेल', असा तर्क मूल करते. तो अर्थ 'नीड नॉट'चा. 'मस्ट नॉट' ही सक्त मनाई आहे. घरातील औषधाच्या किंवा कीटकनाशकाच्या डब्यावरील इंग्रजी मजकूर पुष्कळदा शाळेत जाणारे मूलच वडिलांना वाचून दाखविते. तेथे मनाईचा अर्थ मुभा असा लागून चालणार नाही.