एका रात्रीत आजी बदलली तर…

चंद्रपूर-नागपूरहून खुबा किंवा गुडघा बदलून आजी घरी येते. दोन दिवसांनी अचानक असंबद्ध बोलते, नाहीतर गप्पच पडून राहते. आपण म्हणतो, ‘वय झालं’. कुणी पुजाऱ्याला बोलावतं. पण म्हातारपण एका रात्रीत येत नाही. असा बदल म्हणजे शरीरात काही बिघडल्याची खूण. म्हणून नर्स आधी कारण शोधते. आपणही पाहू: ताप आहे का? लघवी-शौच झाली का? पाणी कमी पडलं का? दुखणं वाढलं का? गोळी नवी आहे का? उत्तरं घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जाऊ. दम लागला, उठवूनही जागी होईना, तर लगेच १०८ ला फोन. तोवर ओळखीचं माणूस जवळ बसू दे. हातपाय बांधायचे नाहीत.