इतिहासाच्या पोटातील रहस्ये

रहस्य, इतिहास आणि अद्भुत हे कादंबरीचे वेगळे कप्पे मानले जातात. पण काही उत्तम कादंबऱ्या या कप्प्यांच्या भिंती पाडूनच उभ्या राहतात. जोसेफिन टे यांची ‘द डॉटर ऑफ टाइम’ (१९५१) त्यांत आधी वाचावी अशी. पाय मोडून रुग्णालयात पडलेल्या इन्स्पेक्टर ग्रँटला वेळ घालवण्यासाठी मैत्रीण जुनी व्यक्तिचित्रे आणून देते. त्यांतला एक चेहरा त्याला न्यायाधीशाचा वाटतो. चित्र उलटतो तर मागे नाव तिसऱ्या रिचर्डचे, म्हणजे दोन पुतण्यांच्या खुनाचा कलंक माथी असलेल्या इंग्लंडच्या राजाचे! मग खाटेवरूनच तपास सुरू होतो. ज्याच्या लेखनावर हा आरोप मुख्यतः उभा, तो टॉमस मोर रिचर्ड गादीवर आला तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. साक्षीदार कोण, त्याने स्वतः काय पाहिले, हा पोलिसी प्रश्न ग्रँट थेट इतिहासाला विचारतो. त्याचा निष्कर्ष सर्व इतिहासकारांना मान्य नाही; तरी पुरावा कसा पारखावा, हे इतक्या रंजकपणे क्वचितच कोणी दाखवले असेल.

उम्बेर्तो एको यांची ‘द नेम ऑफ द रोझ’ (१९८०) १३२७ सालच्या इटलीतील मठात घडते. सात दिवस, एकामागून एक मृत्यू आणि चक्रव्यूहासारखे ग्रंथालय. सुरुवातीची पाने जड जातात, पण नेट धरावा. सुझॅना क्लार्क यांच्या ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’मध्ये (२००४) नेपोलियनशी लढणारे इंग्लंड जादूगारांची मदत घेते आणि फ्रेंच बंदरासमोर चक्क पावसाच्या पाण्याची जहाजे उभी राहतात.