टाळ्यांनी भार हलका होत नाही

तुळजापूरहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तामलवाडी हे गाव लागते. जवळच धाराशिव जिल्ह्याची हद्द संपते व सोलापूरची सुरू होते. या गावात मध्यरात्री एखाद्या मुलाला तापात आकडी आली, तर त्याची आई त्याला पदराखाली घेऊन बहुधा सोलापूरचीच वाट धरते; आणि मोठ्या रुग्णालयाच्या दारात ते मूल बहुतेक वेळा प्रथम पडते ते परिचारिकेच्या हाती. २०२० च्या टाळेबंदीत एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्यास परवाना लागू लागला. परंतु मुलांच्या आकड्या आणि विंचूदंश काही थांबले नाहीत. ती दारातली परिचारिकाही थांबली नाही. तिच्या मनावर त्या काळात काय भार पडला, याचा हिशेब मात्र आपण अद्याप केलेला नाही.

मुलांच्या तातडीच्या कक्षातील काम इतर शुश्रूषेहून निराळे आहे. तान्हे मूल आपले दुखणे सांगू शकत नाही. ते रडण्यावरून, श्वासावरून, ओठांच्या रंगावरून ओळखावे लागते. औषधाची मात्रा त्याच्या वजनावर ठरते आणि दशांश चिन्हाची चूकही जिवावर बेतते. कोरोनाच्या साथीत हे सारे बंद पोशाखात, वाफ धरलेल्या चष्म्यातून व दुहेरी हातमोज्यांनी करावे लागले. ज्या हसऱ्या चेहऱ्याने रडते मूल शांत करायचे, तो चेहराच झाकला गेला. पाळी संपवून घरी यावे, तर दाराशी धावत आलेल्या स्वतःच्या लेकराला दूर सारावे लागे! या ताणाला मनाचा दुबळेपणा म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

२२ मार्च २०२० रोजी देशाने टाळ्या व थाळ्या वाजवल्या. ती कृतज्ञता खोटी नव्हती. पण ती टिकली किती? ९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बालकांपैकी १० दगावली. पुढे काही अधिकारी निलंबित झाले, कंत्राटी परिचारिकांची सेवा संपवण्यात आली आणि परिचारिकांवर गुन्हाही नोंदवला गेला. कर्तव्यात कसूर झाली असल्यास तिची चौकशी झालीच पाहिजे. परंतु विजेच्या तारा, अग्निशमनाची साधने व माणसांची संख्या यांतले काहीच जिच्या हाती नाही, ती एखाद्या वर्षाच्या करारावरची स्त्री हीच आरोपीच्या पिंजऱ्यात आधी उभी राहावी काय?

तिसरी लाट मुलांवर येणार, या भीतीने मे २०२१ मध्ये राज्य सरकारने बालरोगतज्ज्ञांचे कृतिदल नेमले. खाटा वाढवण्याची तयारी झाली. ते योग्यच होते. पण खाट मुलाजवळ जागत नाही. जागते ते माणूस! आणि वर्षभरातच, मे २०२२ मध्ये, खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरती करण्याच्या धोरणाविरुद्ध याच राज्यातील परिचारिकांना संपावर जावे लागले.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. त्या त्यागापुढे मस्तक नम्र होते. परंतु एका थोर स्त्रीने स्वखुशीने केलेला त्याग हा हजारो स्त्रियांच्या नोकरीचा नियम ठरू शकत नाही. त्यागाची स्तुती करून सरकारला आपली जबाबदारी टाळता येणार नाही.

आमची मागणी साधी आहे. रिक्त पदे कायमस्वरूपी भरा. एका परिचारिकेकडे किती मुले असावीत याचे प्रमाण कागदावर न ठेवता रात्रपाळीतही पाळा. ज्या रात्री तिच्या हातात मूल दगावते, त्या रात्री तिला घटकाभर बसू द्या आणि दुसऱ्या दिवशी तिचे ऐकणारे कोणी नेमा. साथ पुन्हा कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण तामलवाडीची आई आज रात्रीही सोलापूरच्या वाटेला लागेल. तिचे मूल थकून गेलेल्या हातांत पडू नये, हे पाहणे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे.